दत्तक भावंडाला आणायला निघताना: थोरल्याला सोबत न्यायचं तर

कोकणातल्या घराने दत्तकासाठी नोंदणी केली म्हणजे बाळ रत्नागिरी-सिंधुदुर्गातच मिळेल असं नाही. नंबर लागतो तेव्हा ते पार दुसऱ्या मुलखात, ओडिशा-झारखंडच्या एखाद्या शिशुगृहातही असू शकतं. घरात आधीचं एक लेकरू असतं, सहा-सात वर्षांचं, आणि मग प्रश्न येतो की त्याला सोबत न्यायचं की आजीकडे ठेवायचं. माझं मत आधीच सांगून टाकते. पाच वर्षांच्या पुढचं असेल तर न्या, पण त्याच्यासाठी म्हणून एक मोठं माणूस जास्तीचं घ्या. आत्या, मामा, मावशी, धडधाकट आजोबा, कुणीही चालेल, फक्त ते थोरल्याच्या सवयीचं हवं. तसं कुणी मिळत नसेल तर थोरल्याला घरीच राहू द्या. नव्या बाळाला धरून आई-बाबा कचेरीत बसलेत आणि थोरला बाकड्यावर एकटाच पाय हलवतोय, अशी सुरुवात कुठल्याच भावंडांची होऊ नये.

आधी कायद्याचं, थोडक्यात

देशातल्या देशात अनाथ, सोडून दिलेलं किंवा संस्थेच्या स्वाधीन केलेलं मूल दत्तक घ्यायचं तर बाल न्याय अधिनियम २०१५ आणि दत्तक नियमावली २०२२ यांच्या चौकटीतच घ्यावं लागतं. नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. 'आमच्या ओळखीच्या नर्सबाई आहेत, त्या बघतील' असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठावं. तो दत्तक नव्हे, गुन्हा आहे.

थोरलं मूल असलेल्या घरांना तीन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, पदरी दोन किंवा जास्त मुलं असतील तर नियमावलीप्रमाणे फक्त विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना सहजी घर मिळत नाही अशी मुलंच तुम्हाला सुचवली जातात. एक असेल तर ही अट नाही. दुसरी, घरातलं मूल पाच वर्षांहून मोठं असेल तर त्याचीही संमती घेतली जाते. गृहभेटीला येणाऱ्या समाजसेविका त्याच्याशी बोलतात, तेव्हा त्याला पढवून ठेवू नका. 'मला नको भाऊ' म्हणाला म्हणून कुणी तुमचा अर्ज लगेच फाडत नाही. पढवलेलं उत्तर मात्र त्यांच्या लगेच लक्षात येतं. तिसरी गोष्ट गावात हटकून ऐकवली जाते: 'एक मुलगा असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही.' ती अट १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातली आहे. बाल न्याय कायद्याच्या वाटेने गेलात तर ती लागू होत नाही. काकांशी वाद घालत बसू नका, एवढं एक वाक्य पुरतं.

थोरल्याला कधी, काय सांगायचं

नोंदणी केली त्या दिवशी सांगू नका. लहान वयाच्या बाळासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि सहा वर्षांच्या मुलाला 'वर्ष' कळत नाही. ते रोज शाळेतून येऊन विचारत राहणार. गृहभेट ठरली की मात्र सांगावंच लागतं, कारण तेव्हा त्यालाही विचारलं जातं. त्याआधीच त्याने कुठून ऐकलं असेल, आणि कोकणातल्या घरात ओटीवरचं बोलणं माजघरात पोचतंच, तर मात्र लपवाछपवी नको.

नंबर लागला की पोर्टलवर बाळाचा फोटो, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि बाल अभ्यास अहवाल दिसतो. मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात, आणि प्रत्यक्ष भेटून स्वीकारण्यासाठी एकूण ३० दिवस. त्या ४८ तासांत घरात नुसता गोंधळ असतो. डॉक्टरांना अहवाल दाखवायचा, नवऱ्याच्या भावाला फोन करायचा, पैशांची बेगमी करायची. या काळात तो फोटो थोरल्याला दाखवू नका. तुमचा निर्णय पक्का व्हायच्या आत त्याने फोटो पाहिला तर त्याच्या दृष्टीने ते बाळ घरी आलेलंच असतं, आणि काही कारणाने पुढे सरकलं नाही तर त्याला सावरताना तुमची त्रेधा उडते. निर्णय झाला, शिशुगृहाने तारीख दिली, की मग अख्खी संध्याकाळ फोटो घेऊन बसा.

सांगताना 'देवाने पाठवलं' किंवा 'आपण त्याला वाचवायला चाललोय' असलं काही नको. पहिलं ऐकून तो देवाकडे सायकलही मागेल. दुसरं जास्त वाईट. पुढे भांडणात तेच वाक्य बाहेर येतं, 'तुला आम्ही वाचवलंय हां!' साधं सांगा: ज्यांच्या पोटी ते जन्मलं त्यांना त्याला वाढवता आलं नाही, आता ते आपल्या घरी वाढणार, कायमचं. त्यापलीकडचा बाळाचा इतिहास, कुठे सापडलं, कुणी आणून ठेवलं, हे थोरल्याला सांगायचं नाही. तो इतिहास बाळाचा आहे, मोठं झाल्यावर पहिल्यांदा त्यानेच ऐकावा. थोरल्याला सांगितलंत तर वाडीभर झालंच म्हणून समजा.

सुटीत जायचं, पण कुठल्या सुटीत

तारीख बरीचशी शिशुगृहाच्या हातात असते, तरी ३० दिवसांत थोडं पुढे-मागे करता येतं. शाळेची सुटी गाठायची असेल तर तिकडच्या कचेऱ्या कधी बंद असतात ते आधी बघा. उदाहरणादाखल भुवनेश्वर धरू. दिवाळीची सुटी बरी वाटते, पण ती दुर्गापूजेच्या पाठोपाठच येते आणि तिकडची कामं आधीच तुंबलेली असू शकतात. दिवाळीचे मुख्य दिवस घरी करून सुटीच्या दुसऱ्या आठवड्यात निघणं सोयीचं. मेमध्ये शाळा मोकळी असते खरी, पण तिकडचा उन्हाळा आपल्या घामट उकाड्याहून वेगळाच भाजतो. जूनच्या मध्यावर तिथे रजपर्वाचा सण असतो, आषाढात रथयात्रा. आणि आपल्याकडून निघताना गणपती किंवा शिमगा असेल तर गाडीत पाय ठेवायला जागा नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोन दिवसांचं काम पाच दिवसांचं धरून चला. स्वीकारण्याआधी दत्तक समितीची बैठक होते, अहवालांवर सह्या कराव्या लागतात, तुम्हाला हवं तर तुमच्या पसंतीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेता येते. एक सदस्य रजेवर असला की बैठक पुढे गेली.

तिकिटं

जाताना थोरल्याला रेल्वेनेच न्यावं असं माझं मत. कोकणकन्या रात्री पकडली की पहाटे मुंबई. तिथून दुपारची कोणार्क एक्सप्रेस, भुवनेश्वरपर्यंत गाडीतच दोन रात्री. मोठ्यांना हे जिवावर येतं, पण एवढ्या वेळात मुलाच्या मनातले प्रश्न हळूहळू बाहेर येतात. घरी विचारले नसतील असे सोलापूरच्या पुढे विचारतो. 'तो माझ्या खोलीत झोपणार?' 'आजी त्याची पण आजी?' खिडकीबाहेर बघत विचारलेल्या प्रश्नाला खिडकीबाहेर बघतच उत्तर द्यावं.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पण तुम्हाला तेवढा अवधी मिळायचाच नाही. म्हणजे तत्काळ, नाहीतर विमान. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं, बर्थशिवाय अर्धं. इथे पैसे वाचवू नका, थोरल्याचा बर्थ त्याच्या नावावर असू द्या. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश चालतात, दरड आली तर अडकतात. मुंबईची जोडगाडी त्या हिशेबाने धरा.

परतीचं तिकीट मात्र बाळ हातात येईपर्यंत काढू नका, आणि येताना शक्य असेल तर विमान बघा. नवं बाळ, रडवेलं थोरलं आणि दोन रात्रींची गाडी यांचा मेळ बसत नाही. गोव्यात मोपाचं विमानतळ झाल्यापासून तळकोकणाला एक थांबा घेऊन येणं सोपं झालंय. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेता येतं, पण विमान कंपनी वयाचा कागद मागते. शिशुगृहाकडून त्याची जन्मतारीख लिहिलेल्या कागदाची प्रत आठवणीने मागून घ्या.

पिशवीत काय

तुमची कागदपत्रांची फाइल तुम्हाला पाठ असेलच. मी थोरल्याच्या पिशवीविषयी सांगते. ती त्याची त्याने भरावी. त्यात नव्या भावंडासाठी एक वस्तू असावी, पण *नवी* विकत घेतलेली. स्वतःचं लाडकं खेळणं द्यायला लावू नका. 'अरे दे ना, तू मोठा ना आता!' हे वाक्य त्या प्रवासात कुणीही उच्चारू नये. जास्तीच्या माणसालाही आधीच बजावून ठेवा. थोरल्याला एक खरंखुरं काम द्या: रोजचा खर्च वहीत लिहिणं, पाण्याच्या बाटल्या मोजणं, गाडीचं स्टेशन येतंय का बघणं. नुसतं 'बाबूला सांभाळ' हे काम नव्हे, ते ओझं आहे.

निघायच्या आधी थोरल्याच्या लसी डॉक्टरांना दाखवून घ्या, विशेषतः गोवर आणि कांजिण्या. संस्थेतल्या मुलांमध्ये खरूज आणि उवा नेहमीच्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तसं निघालं तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं आणि कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या, नाहीतर ते फिरत राहतं.

पहिली भेट

पहिल्या भेटीला आई-बाबा आधी आत जातात, थोरला नंतर. शिशुगृहाचीही तीच पद्धत असेल तर उत्तम, नसेल तर विनंती करा. मधल्या वेळात जास्तीच्या माणसाने थोरल्याला बाहेर फिरवावं. तिथे इतर मुलं दिसतील. कुणी येऊन बोट धरेल, कुणी 'मा' म्हणेल, आणि थोरला विचारेल, 'ह्यांना कोण न्यायला येणार?' खोटी आशा दाखवू नका. त्यांच्यासाठीही लोक शोधताहेत, काहींना घर मिळेल, काही इथे मोठी होतील, असं सांगता येतं. या मुलांचे फोटो काढायचे नाहीत, एकही नाही. आपल्या बाळाचासुद्धा स्टेटसला टाकायचा नाही. मुलाची ओळख जाहीर करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. थोरल्याच्या हातात फोन असेल तर हे त्यालाही समजावा. आणि फॅमिली ग्रुपवरच्या उत्साही मावशीला तर आधी.

बाळ पहिल्यांदा तुमच्याकडे येणार नाही असं धरून जा. बऱ्याचदा ते थोरल्याकडे आधी बघतं. आमच्या ओळखीच्या एका घरी अडीच वर्षांची मुलगी आईकडे पाठ करून बसली होती. थोरल्याने नेलेला चेंडू टप्पा खाऊन तिच्या पायाशी गेला, तिने तो उचलून परत त्याच्याच दिशेने ढकलला, आणि पुढचा अर्धा तास मोठ्यांनी काही करायचंच नव्हतं. असं झालं तर आईने वाईट वाटून घेऊ नये आणि मध्ये पडू नये. नाही झालं तर थोरल्याची समजूत काढायला लागते, कारण त्याने मनात वेगळंच चित्र रंगवलेलं असतं.

बाळाला सांभाळणाऱ्या तिथल्या आयांशी बसून बोला. खरी माहिती त्यांच्याकडे असते. बाळ कुठल्या कुशीवर झोपतं, दूध किती कोमट लागतं, रडलं की काय करता. तिकडे पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेला भात खातात. मूल मोठं असेल आणि ते खात असेल तर आपली पेज त्याला परकी वाटायची नाही, ही आपली जमेची बाजू. झोपवताना म्हणतात ते गाणं आयांच्या परवानगीने फोनमध्ये रेकॉर्ड करून घ्या, आणि रोजचं एखादं फडकं किंवा दुपटं मागा. ते *धुवायचं नाही*, निदान पहिले काही दिवस. अनोळखी घरात तेवढाच एक ओळखीचा वास असतो. आजी घरी पोचल्या पोचल्या ते साबणात टाकायला धावेल, तेव्हा तिला फोनवरच सांगून ठेवा.

पुरी-कोणार्क? बाळ ताब्यात येण्याआधीच्या मोकळ्या दिवसात जरूर. समुद्र आपल्या पोराला नवा नाही, पण इथे सूर्य समुद्रातून *वर* येतो हे बघून आमच्याकडचं पोर चक्रावतं. नंदनकानन प्राणिसंग्रहालयही चांगलं आहे, सोमवारी बंद असतं. बाळ हातात आलं की मात्र सहल संपली. लॉजवर बसा. त्याला एका दिवसात माणसं, भाषा, अंथरूण सगळं बदललेलं असतं. त्यात देऊळ आणि गर्दी नको.

पहिल्या रात्री

पहिल्या नाही तर दुसऱ्या रात्री थोरला म्हणेल, 'त्याला परत सोडून येऊ या.' हे इतक्या घरांत झालंय की मी ते यादीतच धरते. रागवू नका, आणि 'असं बोलू नये हं' असंही नको. 'खूप रडतोय ना? मलाही झोप येतेय' एवढं म्हणा, आणि त्या रात्री आई-बाबांपैकी एकाने थोरल्याजवळ झोपावं. तो अचानक बोबडं बोलायला लागला, अंथरूण ओलं केलं, भरवायला सांगितलं, तर भरवा. काही आठवड्यांत आपोआप जातं. जात नसेल तर डॉक्टरांशी किंवा शिशुगृहाच्या समाजसेविकेशी बोला.

परतताना

बाळ तुमच्या ताब्यात येतं ते दत्तकपूर्व पालकत्व म्हणून. अंतिम आदेश अजून व्हायचा असतो. त्या कागदाच्या दोन प्रती काढा आणि एक कायम अंगावरच्या पिशवीत ठेवा. कारण साधं आहे. तुमच्यासारखं न दिसणारं, तुमची भाषा न कळणारं मूल तुमच्या कडेवर आकांत करतंय हे बघून सहप्रवासी रेल्वे पोलिसांना कळवू शकतात, आणि कळवावंच. पळवलेली मुलं अशीच सापडतात. त्यात आपला थोरला अभिमानाने अख्ख्या डब्याला सांगत असतो, 'हिला आम्ही आत्ताच घेतली!' कागद दाखवा, शिशुगृहाचा नंबर द्या, चिडू नका.

घरी आल्यावर

वाडीत बातमी तुमच्या आधी पोचलेली असते. रिक्षा वळली की बायका बांधावर. 'खंयसून हाडलंत?' (कुठून आणलंत?) हा प्रश्न कौतुकानेच विचारला जातो, पण थोरल्याच्या देखत दहादा. त्याला एक उत्तर शिकवून ठेवा: 'आमचोच तो.' एवढ्यावर बहुतेक जण हसून गप्प बसतात. पहिला आठवडा बाळाला आई-बाबांखेरीज कुणी कडेवर घ्यायचं नाही हे आजी-आजोबांशी आधी बोलून ठेवा. त्यांना ते लागतं, पण भरवणं-झोपवणं एकाच दोन हातांनी झालं की बाळाला 'आपलं माणूस' कोण ते लवकर समजतं. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं, दृष्ट काढणं, सत्यनारायण, जे काय असेल ते थोडं थांबू शकतं. येणारे खाऊ आणतात तो दोघांसाठी आणा म्हणावं, नाहीतर थोरला दारात उभा राहून पिशव्या मोजतो.

चालतं मूल असेल तर येण्याआधी विहिरीचा कठडा, चिऱ्यांच्या पायऱ्या, चूल आणि मागचं व्हाळ, म्हणजे ओढा, डोळसपणे बघून घ्या. आपली मुलं या सगळ्यात वाढलेली असतात. शिशुगृहाच्या आवारातलं मूल यातलं काहीच न बघितलेलं. थोरल्याला पहारेकरी नेमू नका, जाळी बसवा. मासे एकदम देऊ नका. आधी मऊ भात, नाचणीची आंबील, मग काटे नसलेला तुकडा. दोन वर्षांपुढच्या मुलाचं नाव तडकाफडकी बदलू नये असं मला वाटतं. थोरल्याला नाव ठेवायची हौस असते, त्याला घरात हाक मारायचं नाव ठेवू द्या.

अंतिम आदेश शिशुगृह ज्या जिल्ह्यात आहे तिथले जिल्हाधिकारी देतात. पूर्वी हे काम न्यायालयाकडे होतं, २०२१च्या दुरुस्तीनंतर ते बदललं. आदेशासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. त्यासाठी पुन्हा जायची वेळ आली तर थोरल्याची शाळा बुडवू नका. या फेरीत त्याला बघण्यासारखं काही नसतं. आदेशानंतर तुमच्या नावांसह जन्मदाखला होतो, मग आधार, मग रेशनकार्ड, त्याच क्रमाने.

पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येतात. त्या थोरल्याशीही बोलतील. त्या दिवशी घर आवरण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्याला दुपारी झोप मिळाली आहे ना ते बघा, आणि तो धाकटीच्या तक्रारी सांगायला लागला तर मध्ये बोलू नका.